अडीच हजार कुप्या ऑटोक्लेव्हमध्ये घालण्यापूर्वी: संस्थेच्या नियामक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मातीतल्या जिवाणूंचा आपला संग्रह बंद करण्याचं परिपत्रक निघाल्याचं मला गेल्या आठवड्यात कळलं. संग्रहाच्या किल्ल्या सध्या जिच्याकडे आहेत, त्या माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीने ते फोनवर वाचून दाखवलं. दीड पानाचं परिपत्रक. शेवटच्या परिच्छेदात म्हटलंय की पंचेचाळीस दिवसांत सर्व कल्चर (कुप्यांत जिवंत ठेवलेले जिवाणू) ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत मारून, त्यांची विल्हेवाट लावावी आणि खोली मोकळी करून ताबा द्यावा. ते वाक्य वाचताना तिचा आवाज बसला. मलाही पुढे काही बोलवेना.

त्यानंतर मी आपल्याला दोन पत्रं पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे तिसरं पत्र उघडपणे लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तिथे मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस वर्षं हा संग्रह माझ्या ताब्यात होता. संस्थेची नाचक्की व्हावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय असाच कागद आणखी कुठल्या संस्थेत सहीसाठी पडून असेल, तर त्यावर सही करणाऱ्यांनीही हे वाचावं.

जे या विषयातले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. चिमूटभर मातीत जिवाणू कोटींनी असतात. त्यांतला एक मोठा गट ॲक्टिनोमायसीट्सचा. दिसायला हे बुरशीसारखेच: धाग्याधाग्यांनी वाढतात, अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, घट्ट रुतून बसतात, आणि चार-पाच दिवसांनी त्यांच्यावर खडूची पूड भुरभुरल्यासारखे बीजाणू धरतात, पांढरे, राखाडी, कधी फिकट गुलाबी. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास येतो, त्यातलं जिओस्मिन हे द्रव्य मुख्यतः यांच्यातलेच स्ट्रेप्टोमायसीस बनवतात. कुजकी पानं आणि मेलेली मुळं हे त्यांचं अन्न, आणि बुरशीचंही तेच. या अन्नावरून मातीत रात्रंदिवस ओढाताण चाललेली असते. त्यात काही जिवाणू बुरशीची वाढ रोखणारी रसायनं आजूबाजूला सोडतात.

आम्ही तेच बशीत पाहतो. मधोमध जिवाणूची एक रेघ ओढायची, दोन्ही बाजूंना बुरशीचा एकेक ठिपका ठेवायचा आणि वाट पाहायची. बुरशी पसरत पसरत येते आणि रेघेच्या अलीकडे बोटभर अंतरावर थबकते. मध्ये जो स्वच्छ पट्टा राहतो त्याला आम्ही झोन म्हणतो. आमच्याकडे सकाळी दार उघडल्यावर पहिला प्रश्न तोच असायचा: "झोन आला का?"

बुरशीवरची औषधं इतकी थोडी का, हे रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून पुष्कळ वेगळी असते, त्यामुळे तिला मारताना आपल्याला धक्का न लावणं त्या मानाने सोपं. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे. तिलाही आपल्यासारखंच केंद्रक आहे, आतली बरीचशी यंत्रणाही सारखीच. जे तिला मारतं ते बहुधा आपल्यालाही मारतं. फरकाच्या जागा मोजक्या. एक म्हणजे पेशीभोवतीची भिंत, जी आपल्या पेशींना नसते. दुसरी म्हणजे पेशीच्या पटलातलं स्निग्ध द्रव्य: आपल्याकडे कोलेस्टेरॉल, बुरशीकडे एर्गोस्टेरॉल. एवढ्या बारीक फरकावर नेम धरणारी रसायनं बनवण्याचं काम मातीतले जिवाणू आपल्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत.

आता माझा या प्रकरणाशी नोकरीपलीकडचा संबंध काय, तेही सांगते.

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला होता. केमोथेरपीच्या दुसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या आणि त्याच वेळी त्याच्या डाव्या गालाला बधिरपणा आला. दोन दिवसांत डोळा सुजून मिटला. म्युकरमायकोसिस. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध या बुरशीवर चालत नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि ॲम्फोटेरिसिन बी सुरू केलं.

मी त्याच्या खाटेशी बसायचे. पिवळसर औषधाची बाटली टांगण्यापूर्वी परिचारिका नळी डेक्स्ट्रोजने धुवून घ्यायची, कारण सलाईनशी गाठ पडली तर हे औषध गोठून खाली बसतं. थेंब सुरू झाल्यावर थोड्या वेळाने त्याला हुडहुडी भरायची, इतकी की खाटेची कड वाजायची. दोन पांघरुणं घालून मी त्याचे पाय धरून बसायचे. रोज क्रिएटिनिन, रोज पोटॅशियम. हे औषध मूत्रपिंडावर ताण आणतं, पोटॅशियम खाली ओढतं. चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधून दिलं तर हा त्रास बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. सहा आठवडे हे चाललं. डावा डोळा गेला. भाऊ राहिला. आज तो दोन मुलांना शाळेत सोडतो.

ॲम्फोटेरिसिन बी स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस नावाच्या जिवाणूपासून मिळतं. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतून तो वेगळा काढला गेला. कोणीतरी ती माती गोळा केली, कोणीतरी त्यातला जिवाणू वेगळा करून त्यावर क्रमांक घातला आणि तो जिवंत ठेवला. माझ्या भावाच्या शिरेत रोज जे जात होतं, ते तिथून आलं होतं. परिपत्रकात या खोलीला "अनुत्पादक जागा" म्हटलंय, ते मला सहन होत नाही, त्याचं कारण हे.

आता परिपत्रकातल्या एकेका कारणाकडे वळते.

पहिलं कारण: गेल्या दहा वर्षांत संग्रहातून एकही उत्पादन किंवा उत्पन्न निघालेलं नाही. हे खरं आहे. पण दहा वर्षांची फूटपट्टी या कामाला लावता येते का, हे आपण रॅपामायसिनच्या उदाहरणावरून पाहावं. १९६४ च्या अखेरीस एक कॅनेडियन वैद्यकीय पथक ईस्टर बेटावर गेलं. बेटाचं तिथल्या लोकांच्या भाषेतलं नाव रापा नुई. तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एकात स्ट्रेप्टोमायसीस हायग्रोस्कोपिकस सापडला. माँट्रियलमधल्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून कँडिडा बुरशीला रोखणारं एक संयुग वेगळं केलं, तेच रॅपामायसिन. १९७५ मध्ये त्यावरचे शोधनिबंध छापून आले. पण हे संयुग शरीराची प्रतिकारशक्तीही दाबत होतं. बुरशीवरच्या औषधात तो दोष, म्हणून ते मागे पडलं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळाच बंद झाली.

सेहगल यांनी काय केलं? त्यांनी त्या संयुगाचा साठा करून घेतला, कुप्या घरी नेल्या आणि घरातल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. घरच्यांनी चुकून खाऊ नये म्हणून वर तशी चिठ्ठी लावली. बदली होऊन ते दुसऱ्या देशात गेले तेव्हा कुप्याही बर्फात घालून बरोबर नेल्या. काही वर्षांनी वरिष्ठ बदलले आणि काम पुन्हा सुरू झालं. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अवयव नाकारला जाऊ नये यासाठी हे औषध मंजूर झालं. बुरशीवरच्या औषधात जो दोष होता, तोच इथे कामाला आला. नंतर ते हृदयाच्या स्टेंटवरही आलं. बेटावरची माती ते औषध, मध्ये पस्तीस वर्षं. आणि त्या पस्तीस वर्षांत एक काळ असा होता की सगळं काही एका माणसाच्या घरच्या फ्रीझरवर अवलंबून होतं. मी हा प्रसंग प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचे. तेव्हा मला वाटायचं की आपल्या संस्थेत अशी वेळ येणार नाही.

उत्पन्नाचाच विचार करायचा तरी निस्टॅटिनचं उदाहरण आहे. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी ते जगापुढे मांडलं. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात, पण हेझन न्यूयॉर्क शहरात आणि ब्राउन ऑल्बनीत. हेझन मातीतले जिवाणू वाढवून बुरशीवर तपासायच्या, काही हाती लागलं की काचेच्या बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला पाठवायच्या. ब्राउन त्यातलं क्रियाशील द्रव्य वेगळं करून परत टपालाने पाठवायच्या. कितीतरी नमुने वाया गेले. जो लागला तो हेझन यांच्या ओळखीच्या, व्हर्जिनियातल्या एका कुटुंबाच्या गोठ्याजवळच्या शेतातला. म्हणून जिवाणूला त्या कुटुंबाचं नाव मिळालं, स्ट्रेप्टोमायसीस नूर्सी, आणि औषधाला न्यूयॉर्क राज्याचं. स्वामित्वधनापोटी १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. दोघींनी स्वतःसाठी काही न घेता ती सगळी संशोधनाला देऊन टाकली. तोंडातल्या आणि आतड्यातल्या कँडिडावर निस्टॅटिन आजही दिलं जातं.

मराठी वाचकांना हे फार दूरचं वाटू नये म्हणून सांगते: हॅमायसिन हे बुरशीनाशक पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.

दुसरं कारण मला सर्वांत जास्त खटकलं, कारण ते लिहिणाऱ्याला विषय थोडाफार ठाऊक असावा. "जनुकक्रम आता संगणकावर साठवता येत असल्याने जिवंत कल्चर सांभाळण्याची आवश्यकता उरलेली नाही." आपल्या संग्रहातल्या किती जिवाणूंचा जनुकक्रम काढून झालाय, हे परिपत्रक लिहिण्यापूर्वी विचारलं असतं तर कळलं असतं: एकेचाळीस. अडीच हजारांतले एकेचाळीस. उरलेल्यांचं संगणकावर काहीही नाही. जे आहे ते वहीत आहे, माझ्या आणि माझ्या आधीच्या प्रभारींच्या हस्ताक्षरात.

आणि समजा सगळ्यांचा क्रम काढलेला असता. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अशी रसायनं बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह निघाले. तोवर त्यातली मोजकीच रसायनं माहीत होती. म्हणजे अनेक दशकं बशीत वाढवलेल्या जिवाणूने आपल्याला जे दाखवलं होतं त्यापेक्षा कितीतरी अधिक त्याच्याकडे होतं. हे जनुकक्रमामुळे कळलं, मला त्याचं मोल मान्य आहे. पण क्रमात दिसते ती कृती. पदार्थ हवा तर जिवाणू वाढवावा लागतो, तो कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो हे पाहावं लागतं. २०२५ मध्ये मँडिमायसिन नावाचं नवं बुरशीनाशक प्रसिद्ध झालं. लाखो जिवाणूंचे जनुकक्रम संगणकाने चाळून त्याचा माग काढला गेला, आणि माग जिथे पोहोचला तो स्ट्रेप्टोमायसीस नेट्रॉप्सिस हा जिवाणू १९५० च्या दशकापासून नेट्रॉप्सिन या वेगळ्याच द्रव्यासाठी माहीत होता. मँडिमायसिन एर्गोस्टेरॉलला धरत नाही, पटलातल्या फॉस्फोलिपिडना धरतं. म्हणून जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशींवरही ते प्रयोगशाळेत चाललं. त्या जिवाणूच्या बाबतीत सत्तर वर्षांपूर्वी कोणी "याच्यातून जे निघायचं ते निघालं" असं म्हटलं असतं आणि कुप्या उकळून टाकल्या असत्या, तर माग काढून तरी काय हाती आलं असतं?

तिसरं कारण एका ओळीचं आहे: "उपलब्ध औषधे पुरेशी आहेत." ही ओळ मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदा घातक बुरशींची प्राधान्ययादी काढली. त्यात १९ बुरशी आहेत. अगदी वरच्या गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स. याच संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की आधीच्या दहा वर्षांत प्रमुख औषध नियामकांनी बुरशीवरची फक्त चार नवी औषधं मंजूर केली. कँडिडा ऑरिसचं पहिलं वर्णन झालं २००९ मध्ये, जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून. आज ती अनेक देशांतल्या अतिदक्षता विभागांत ठाण मांडून आहे आणि तिचे काही स्ट्रेन (एकाच जातीतले वेगवेगळे वाण) एकाहून अधिक गटांच्या औषधांना दाद देत नाहीत. ॲस्परजिलसचं आणखी वेगळं. पिकांवर ज्या ॲझोल गटातली बुरशीनाशकं फवारली जातात त्याच गटातली औषधं रुग्णांना दिली जातात. त्यामुळे रुग्णाने आयुष्यात ते औषध घेतलेलं नसलं तरी त्याच्या फुप्फुसात शिरणारा बीजाणू त्याला आधीच सरावलेला असू शकतो. "पुरेशी" हा शब्द माझ्या भावाच्या खाटेशी बसून कोणाला लिहिता आला नसता.

शेतीचाही विषय निघालाच आहे. आपल्या संग्रहातल्या साडेतीनशेच्या आसपास कुप्या मुळांभोवतीच्या मातीतल्या सुडोमोनास आणि बॅसिलस जिवाणूंच्या आहेत. गव्हाच्या मुळांना काळं पाडणारा एक बुरशीजन्य रोग आहे. त्याच शेतात वर्षानुवर्षं गहूच घेतला तर हा रोग आधी वाढतो आणि मग आपोआप ओसरतो, असं अनेक ठिकाणी दिसलं. त्यामागे २,४-डायॲसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल बनवणारे सुडोमोनास मुळांवर जमतात, हे पुढे सिद्ध झालं. सुडोमोनासचंच पायरॉलनायट्रिन हे रसायन उजेडात टिकत नव्हतं, पण त्याच्या रचनेवरून फ्लुडिऑक्सोनिल हे बियाण्याला चोळायचं बुरशीनाशक घडवलं गेलं. बॅसिलसची इट्युरिन आणि फेंजायसिन तर जैविक बुरशीनाशकांत रोज वापरात आहेत. याविषयी परिपत्रकात एक अक्षरही नाही. कुप्यांची ती पेटी खोलीत शिरल्यावर उजव्या हाताला पहिलीच आहे.

आणि एक गोष्ट परिपत्रकात नाही, पण बैठकीत बोलली गेली असं मला समजलं: माती कुठे पळून चालली आहे, लागलंच तर पुन्हा खणता येईल.

सन्माननीय सदस्यहो, नाही येणार. क्रमांक ११४७ चं सांगते. एका वादळात उन्मळून पडलेल्या जुन्या झाडाच्या मुळांखालची माती मी स्वतः भरून आणली होती. त्यातून निघालेला हा राखाडी स्ट्रेप्टोमायसीस पाच वर्षं काहीच दाखवत नव्हता. वहीत त्याच्यापुढे पाच वेळा "झोन नाही" असं लिहिलेलं आहे. सहाव्या वर्षी एका विद्यार्थिनीने तो ज्यावर वाढवायचा ते माध्यम बदललं. फॉस्फेट भरपूर असलं की असे जिवाणू पुष्कळदा ही रसायनं बनवायचं थांबवतात, म्हणून तिने फॉस्फेट कमी केलं आणि ओटचा अगार घेतला. तिसऱ्या सकाळी बावीस मिलिमीटरचा झोन. झोनच्या कडेची बुरशी आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिचे धागे नेहमी टोकाला निमुळते असतात. इथे टोकांना फुगे आले होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यातला एक फुटून आतलं सगळं बाहेर सांडलं. असं चित्र पेशीभिंतीवर घाव बसला की दिसतं. जपानमध्ये भाताच्या रोगांसाठी सापडलेली पॉलिऑक्सिन भिंतीतल्या कायटिनची जुळणी रोखतात, तशातलं काही असेल. हे नवीनच आहे असा दावा मी करत नाही. जुनंच संयुग पुन्हा हाती लागण्याचा अनुभव आम्हाला शंभरदा आलाय. पण ते नवं की जुनं हे ठरायच्या आधीच त्या मुलीची शिष्यवृत्ती संपली आणि काम तिथे थांबलं. कुपी आहे. ते झाड नाही, तो उतार नाही, तिथे आता काँक्रीट आहे. आणि जागा असती तरी त्याच जागेतून तोच स्ट्रेन मिळेल याची काही खात्री नसते. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनपैकी एक झोन देतो, दुसरा देत नाही, हे प्रत्यक्ष बशीत पाहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी शेवटची तक्रार पद्धतीबद्दल आहे. ज्या समितीने हा अहवाल दिला तिच्यात सूक्ष्मजीवशास्त्राचं कोणी नव्हतं. समितीतलं कोणीही त्या खोलीत आलं नाही. आवक-जावक वहीत शेवटची नोंद वीज दुरुस्तीवाल्याची आहे. आपल्यापैकी एक सदस्य विद्यार्थिदशेत माझ्याच टेबलावर लूप तापवून रेघ ओढायला शिकले आहेत. त्यांनी तरी एकदा येऊन पेटी उघडायला हवी होती, असं मला फार वाटलं. रागाने म्हणत नाही. वाईट वाटलं, ते लिहिलं.

संग्रहात दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. वह्या हस्तलिखित आहेत, दोन जुन्या वह्यांना ओल लागली आहे. कुप्यांमध्ये दुबार नोंदी आहेत. अनेक स्ट्रेन तेच ते जुने ॲक्टिनोमायसिन आणि स्ट्रेप्टोथ्रायसिन बनवणारे असतील, ते ठेवायची गरज नाही. उणे ऐंशी अंशांचे दोन फ्रीझर वीज खातात हेही खरं. पण हे सगळं माझ्या निवृत्तीच्या वेळी मी लेखी दिलेलं आहे, आणि त्यावरचा उपायही: निवडक कल्चर शीतशुष्क करून, म्हणजे गोठवून सुकवून, काचेच्या बंद नळ्यांमध्ये ठेवावीत. अशा नळ्यांना उणे ऐंशी लागत नाही, साध्या थंड कपाटात त्या दशकानुदशकं टिकतात. सगळा संग्रह एका भिंतीत मावेल. तो प्रस्ताव फायलीत असेलच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कल्चर नष्ट करण्याच्या आदेशाला आजच लेखी स्थगिती द्यावी, आणि तोवर दोन्ही फ्रीझरचा वीजपुरवठा व धोक्याची घंटा चालू राहील याची जबाबदारी एका नावानिशी व्यक्तीवर सोपवावी. उन्हाळ्यात एक रात्र वीज गेली तर आदेशाची गरजही उरणार नाही.

एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, एक वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि बुरशीच्या संसर्गावर उपचार करणारा एक डॉक्टर अशा तिघांनी खोलीत बसून, वह्या पाहून, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवावं. त्यांचा निर्णय मला मान्य असेल, अर्ध्या कुप्या काढायच्या ठरल्या तरी.

शीतशुष्कीकरणाला सहा महिने द्यावेत. यंत्र संस्थेत आहे.

संस्थेला संग्रह ठेवायचाच नसेल तर तो एखाद्या मान्यताप्राप्त सूक्ष्मजीव संग्रहाकडे रीतसर हस्तांतरित करावा. प्रत्येक स्ट्रेनबरोबर तो कुठल्या मातीतून, कधी आणि कोणाच्या परवानगीने घेतला याची नोंद जावी. नोंदीशिवाय गेलेली कुपी पुढे कोणाच्याच कामाची राहत नाही.

आणि वह्या संगणकावर चढवून सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात. हे काम मी विनामोबदला करायला तयार आहे. माझं अक्षर मलाच नीट लागतं, आणि माझ्या आधीच्या प्रभारींचं अक्षर वाचता येणारी आता मी एकटीच उरले आहे.

मुदतीतले अकरा दिवस गेले. सोमवारपासून रोज सकाळी दहा वाजता मी संस्थेच्या फाटकाशी येईन. आत सोडलंत तर पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करेन. आपल्यापैकी कोणाला वेळ असेल त्यांनी त्या वेळी यावं. ११४७ ची कुपी मी बाहेर काढून ठेवायला सांगते, ओटच्या अगारवर तिसऱ्या दिवशी आपणच पाहा.

आपली नम्र,
जिवाणू संग्रहाची माजी प्रभारी